मल्हारच्या मुली आणि आमच्या बाई

डॉ. शरयू भाटवडेकर यांना मी पहिल्यांदा पाहिले ते मुलाखतीच्या टेबलापलीकडे. मी नुकतीच संख्याशास्त्राची पदवी घेतली होती. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेले नव्हते. त्यामुळे ते प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी फायलीत आणि फाइल ओढणीखाली छातीशी धरून मी खडकवासल्याच्या रस्त्यावरच्या आमच्या गावाहून स्वारगेटला, तिथून कात्रजला आणि तिथून पुढे दुसऱ्या बसने वळू केंद्रावर पोहोचले होते. टेबलाशी तिघे बसले होते. दोघांनी माझे गुण पाहिले. तिसऱ्या, पांढऱ्या सुती साडीतल्या बाईंनी फाइल उघडलीच नाही.

"दोन वळू आहेत," त्या म्हणाल्या. "एकाच्या पाच मुली, पाचही उत्तम दुधाच्या. दुसऱ्याच्या पन्नास मुली, सरासरी जरा कमी. कोणता घ्याल?"

"दुसरा," मी म्हणाले. "पाचांवरून काही ठरवता येत नाही."

"आणि पहिला तुमच्या वडिलांच्या गोठ्यातला असेल तर?"

मला उत्तर सुचेना. नोकरी गेली असे वाटले.

"लगेच उत्तर दिलं असतंत तर घेतलं नसतं तुम्हाला," बाई म्हणाल्या. "सोमवारी या. येताना ओढणी घरी ठेवा. वळूला फडफडणारी वस्तू आवडत नाही."

आज बाईंच्या वयाला साठ वर्षे पूर्ण होत असताना त्यांच्या संशोधनाविषयी, त्यांनी घडवलेल्या पशुवैद्यांविषयी या गौरवग्रंथात जाणत्या मंडळींनी लिहिले आहे. ते लिहिण्याचा माझा अधिकार नाही. मी त्यांच्या हाताखाली आकडे मांडणारी मुलगी. त्या आकड्यांत मी एकदा एक चूक केली, आणि बाई कोण आहेत हे मला त्या चुकीमुळे कळले. म्हणून तीच हकिगत सांगते.

या कामाशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. वळू स्वतः दूध देत नाही. इतकी उघड गोष्ट, पण पाहुणे केंद्रावर येत ते वळूंचे खांदे, रंग आणि चाल बघून खूश होत. "हा भारी दिसतोय, याचंच बीज द्या," असे म्हणत. बाई त्यांना चहा देत आणि म्हणत, "चला, याच्या मुली दाखवते. वळूचं प्रगतिपुस्तक त्याच्या मुलींच्या कासेखाली असतं." तरुण वळूच्या थोड्या रेतमात्रा, ज्यांना आम्ही कांड्या म्हणतो, गावोगावच्या गाईंना कृत्रिम रेतनासाठी द्यायच्या. त्यातून कालवडी जन्मतात, वाढतात, गाभण राहतात, वितात. मग त्यांच्या पहिल्या वेताचे दूध महिन्यातून एक दिवस, सकाळी आणि संध्याकाळी, गोठ्यात जाऊन मोजायचे. पुरेशा मुलींचे दूध पुरेसे चांगले निघाले तर तो वळू सिद्ध. यात सहा-सात वर्षे सहज जातात. तोवर त्याच्या उरलेल्या कांड्या द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये गोठून राहतात आणि वळू दावणीला उभा राहतो. एकदा तो सिद्ध ठरला की मात्र त्याच्या कांड्या हजारो गोठ्यांत जातात.

माझ्या घरी या कामाचे भारी संकट झाले. आई शेजारणींना सांगायची, "दूध मोजायचं काम हाय तिचं." अण्णा, म्हणजे माझे वडील, तेवढेही सांगत नसत. नोकरीला वर्ष होत आले तेव्हा आईने बाईंना जेवायला बोलावले. बाई आल्या, पिठले-भाकरी मागून घेऊन जेवल्या, गोठ्यात जाऊन आमच्या दोन म्हशींचे दात बघून आल्या. हात धुवून बसल्यावर अण्णांनी धीर केला.

"मॅडम, एक इचारू का? पोरीला बघाय पाव्हणं येत्यात. पोरगी काय काम करती म्हनून सांगायचं? वळू म्हनलं की मानसं एकमेकांकडं बघत्यात."

"वरसंशोधन करते म्हणा," बाई शांतपणे म्हणाल्या. "गावातल्या गाईंसाठी स्थळं बघते. तेच काम तुम्हीही करताय सध्या. फरक एवढाच, की आम्ही वराच्या घरच्यांचा शब्द धरत नाही. पुरावा मागतो."

अण्णा आधी गोरेमोरे झाले, मग इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुढे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्यांनी हे वाक्य ऐकवले. दोन स्थळे त्यामुळे परत गेली. "गेली ती बरी गेली," असे तेच म्हणाले.

शनिवारी दुपारी बाई मला नारायण पेठेतल्या आपल्या घरी बोलवत. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत पुस्तके, एक सतरंजी आणि खिडकीशी एक टेबल. तिथे बसून मी इंग्रजी शोधनिबंध मोठ्याने वाचायचे. माझे उच्चार ऐकून मलाच लाज वाटायची. एकदा एका शब्दावर मी तीनदा अडखळले आणि पुस्तक मिटले. बाई म्हणाल्या, "उच्चार राहू दे. ज्याने लिहिलंय तो ऐकायला येणार नाहीये. अर्थ सांग." मी अर्थ सांगितला. तो बरोबर होता. तेव्हापासून बाई मला 'तू' म्हणू लागल्या.

टेबलावरचे काम देण्याआधी बाईंनी मला गावे दिली. "आकडा कुठे जन्मतो ते आधी बघून ये," हा त्यांचा नियम सगळ्यांनाच होता. माझ्या वाट्याला खडकवासल्याच्या पलीकडची गावे आली. पहाटे ताणकाटा आणि बादली घेऊन मी गोठ्यात हजर असायचे. धार काढली की दूध जोखायचे, कानातल्या बिल्ल्याचा नंबर बघायचा, वहीत लिहायचे. ती माणसे माझ्याच बोलीतली होती. मला तिथे फार सुख वाटे.

त्या गावांत एक जुनी रीत आहे. ज्यांच्या दारात एखाददुसरीच गाय असते ती घरे चार सडांपैकी तीन सडांची धार काढतात आणि चौथा वासराला सोडतात. हिराबाई नावाच्या एका बाईंना मी सुरुवातीलाच म्हटले होते, "मावशी, आज मोजणी आहे. आजच्या दिवस चारही सड काढा ना."

"आन् त्यानं काय करावं मग? तुजी वही चाटावी?" त्यांनी वासराकडे हात केला. "आईचं दूध हाय ते. तुजं न्हाई, माजं बी न्हाई."

मला ते मनापासून पटले. पण त्याबरोबर एक अन्यायही दिसू लागला. मोठ्या गोठ्यांत वासरू पहिल्या दिवसापासून वेगळे बांधतात आणि बाटलीने पाजतात, त्यामुळे गाईचे सगळे दूध काट्यावर येते. गरिबाच्या गाईचे एका सडाचे दूध मात्र कुठेच लिहिले जात नाही. मग तिच्या बापाला, म्हणजे त्या वळूला, कमी गुण का? मी त्यावर माझ्या मते शास्त्रीय तोड काढली. तीन सडांचे जितके दूध भरेल त्याचा तिसरा हिस्सा चौथ्या सडाचा म्हणून त्यात मिळवायचा. सहा लिटर भरले तर आठ लिहायचे. कुणाला विचारले नाही. विचारायचे काय, हे तर खरेच होते. दोन वर्षे मी हे करत राहिले, आणि आपण गोरगरिबांच्या गाईंना न्याय देत आहोत या समाधानात परत येत राहिले.

मल्हार हा बाईंचा वळू. तसे कुणी म्हणत नसे, पण केंद्रावर सगळ्यांना ते माहीत होते. त्याच्या आईचे दूध बाईंनी स्वतः मोजले होते. खोंड असताना त्याला जीपमधून आणले तेव्हा घाट उतरेपर्यंत त्याचे डोके बाईंच्या मांडीवर होते, आणि त्याने त्यांच्या साडीचा पदर चघळून टाकला होता. पुढे दावणीवर त्याच्याजवळून जाताना बाई थांबत नसत. इतर वळूंपाशी थांबत, याच्यापाशी नाही. पक्षपात दिसू नये म्हणून त्या स्वतःला इतक्या जपत, की त्यातूनच तो दिसायचा.

त्या वर्षी परीक्षेतल्या वळूंचे निकाल मांडले गेले आणि मल्हार पहिला आला. बाईंच्या निवृत्तीला काही महिने उरले होते. संचालकसाहेबांनी शेतकऱ्यांचा मेळावा ठरवला. तिथे मल्हार सिद्ध वळू म्हणून जाहीर व्हायचा होता. त्याचा मोठा फोटो छापून आला. फोटोच्या कोपऱ्यात बाईंचेही नाव होते. बाईंनी तो बघितला आणि इतकेच म्हणाल्या, "याचे कान जरा जास्तच मोठे आलेत." पण त्या दिवशी त्या मल्हारपाशी थांबल्या. मी लांबून पाहिले. त्याच्या कपाळावर हात ठेवून त्या बराच वेळ उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी नोंदणीवाल्यांची बैठक झाली. आमचे पर्यवेक्षक जगताप माझ्याकडे बघून म्हणाले, "मनीषाताई, तुमच्या गावच्या गाई काय धरणाचं पाणी पिऊन दूध देतात का हो? वासराला पाजूनसुद्धा एवढं?"

सगळे हसले. शेजारच्या नोंदणीवाल्याला मी हळूच विचारले, "तुम्ही वासराचं मिळवत नाही?"

"वासराचं काय मिळवायचं? काट्यावर येईल ते लिहायचं."

मला एकदम सगळे दिसले. आमच्या गावांतल्या मल्हारच्या मुली योगायोगाने लहान घरांत होत्या, सड सोडणाऱ्या घरांत. त्यांची तुलना ज्या दुसऱ्या वळूंच्या मुलींशी होत होती त्या मोठ्या गोठ्यांतल्या, बाटलीच्या वासरांच्या. मी मिळवलेला तिसरा हिस्सा जवळजवळ सगळा मल्हारच्याच पदरात पडला होता. तो पहिला आला होता की मी त्याला पहिला आणले होते?

दोन दिवस मी जेवले नाही. बोलले नाही तर मल्हार सिद्ध होणार, बाई समाधानाने निवृत्त होणार आणि कुणालाही कधी कळणार नाही. बोलले तर ज्यांनी मला उभे केले त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे शेवटचे पान मीच फाडणार. तिसऱ्या दिवशी मी बाईंच्या खोलीत गेले.

"बाई, माझ्या गावांतले आकडे बरोबर नाहीत."

बाईंनी चष्मा काढला. "खोटे लिहिलेस?"

"नाही. वासराचं मिळवलं. तीन सडांचं जेवढं भरलं त्याचा तिसरा हिस्सा."

बाईंनी चष्मा परत लावला. "वासराला कल्पना दिली होतीस का? की बाबा रे, एकच सड प्यायचा, आणि तोही बाकीच्या तिघांएवढाच?"

मला रडू फुटले.

"कुठल्या गाईंना मिळवलंस आणि कुठल्यांना नाही, याची खूण केलीस कुठे?"

"नाही."

"मग रडायला हरकत नाही," बाई म्हणाल्या, आणि माझ्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

मी पाणी प्यायल्यावर त्यांनी मला सगळे पहिल्यापासून सांगायला लावले. हिराबाई काय म्हणाल्या तेही. ऐकून त्या म्हणाल्या, "त्यांचं बरोबर आहे, आणि तुझंही. वासराचं दूध गाईचंच. मी इतकी वर्षं हे काम करतेय, पण नोंदणीचे नियम लिहिताना माझ्या ते लक्षात आलं नाही. पण मनीषा, बरोबर गोष्ट एकट्याने गुपचूप आकड्यात घालायची नसते. मोठ्याने बोलायची असते. बोलली असतीस तर आपण सगळीकडे मोजलं असतं." मग त्यांनी कागद ओढला. "तुझी गावं वगळून मांड पुन्हा. इथे बसून."

मी मांडले. मल्हारच्या मुली निम्म्याहून कमी उरल्या आणि मल्हार पहिल्या जागेवरून थेट 'सांगता येत नाही' या रकान्यात गेला. बाईंनी कागद हातात घेतला, दोनदा वाचला आणि घडी घातली. घडी वाकडी पडली, ती उलगडून त्यांनी परत घातली.

संचालकसाहेबांकडे त्या मलाही घेऊन गेल्या. साहेब माणूस चांगला होता, पण अडचणीत होता.

"अहो मॅडम, निमंत्रणं गेलीयत. जरा इकडे-तिकडे होणारच. मल्हार काही वाईट वळू नाही."

"नसेलही. मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नाही. माहीत नाही याला सिद्ध म्हणत नाहीत."

"तुमच्याच हातचा आहे तो. निवृत्तीच्या आधी तुमच्या सहीने जाहीर व्हावा, एवढीच आमची इच्छा होती."

"इच्छेबद्दल आभारी आहे. सही करणार नाही." मग बाई हळू म्हणाल्या, "डॉक्टरची चूक एका रोग्यापुरती असते, साहेब. आपली चूक गाभण राहते आणि विते."

साहेबांनी विचारले, चूक कुणाची? मी तोंड उघडले. बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुला विचारलं की बोल." आणि साहेबांना म्हणाल्या, "नोंदणीची पद्धत मी लिहिली. सड सोडलेल्या गाईचं काय करायचं, हे त्यात नाही. चूक माझी."

मेळावा झाला, चाऱ्यावर दोन भाषणे झाली. मल्हारचा फोटो गुंडाळून गोदामात गेला.

बाईंनी उरलेल्या महिन्यांत काय करावे? कुणीही रजा घेतली असती. बाई माझ्याबरोबर पहाटे गावांत येऊ लागल्या. वासराने किती दूध प्यायले हे कळायचा एकच मार्ग होता. प्यायच्या आधी वासरू जोखायचे, पिऊन झाल्यावर पुन्हा जोखायचे. त्यासाठी त्यांनी बारदानाची एक झोळी शिवून घेतली. पहिल्या दिवशी आम्ही हिराबाईंच्या गोठ्यात आढ्याला काटा टांगला.

"वासरू जोखतायसा? इकायला काढलंय व्हय माजं?" हिराबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"नाही हो. पोटात किती गेलं ते बघायचंय."

"मग त्येलाच इचारा की!"

"विचारलं," बाई म्हणाल्या, "सांगत नाही. तुमच्यावर गेलंय."

हिराबाई हसल्या आणि झोळीचे एक टोक त्यांनीच धरले. वासराला जोखले, सोडले. ते ढुशा देत भरपूर प्यायले. त्याला उचलून पुन्हा झोळीत घातले आणि काटा स्थिर होण्याआधीच त्याने बाईंच्या साडीवर भसाभसा मुतले. मी घाईने म्हणाले, "बाई, अंदाजाने थोडं मिळवू या का?" आणि बोलता बोलता जीभ चावली.

बाईंनी माझ्याकडे नुसते पाहिले. मग त्या आणि हिराबाई दोघी एकदम हसू लागल्या. "आजचं रद्द," बाई पदर पिळत म्हणाल्या. "उद्या परत."

"एवढ्याशासाटी उद्या परत येनार?" हिराबाईंनी विचारले.

"एवढ्याशासाठीच."

आणि त्या आल्या. निवृत्तीच्या आदल्या आठवड्यापर्यंत येत राहिल्या. त्याच दिवसांत नोंदणीच्या पुस्तिकेत नवा नियम लिहिला गेला. सड सोडलेल्या गाईपुढे खूण करावी आणि तिचे वासरू जोखावे, सर्व गावांत, सर्व वळूंच्या मुलींसाठी. छापून आलेली प्रत मी उघडली तर नियमाखाली बारीक अक्षरांत लिहिले होते की ही सुधारणा माझ्या सूचनेवरून केली आहे. मी ती प्रत घेऊन बाईंकडे धावत गेले. हे काढा, असे म्हणाले.

"का? सूचना तुझीच होती. फक्त उशिरा केलीस."

बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात कुणी मल्हारचे नाव काढले नाही. मल्हारच्या आणखी मुली व्यायच्या होत्या. त्यांची मोजणी झोळीसकट, काट्यासकट चालू राहिली. दीड वर्षाने निकाल आला. मी तो तीनदा मांडला आणि नारायण पेठेत गेले.

बाई सतरंजीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होत्या.

"दम लागलाय. बसून सांग."

"मल्हार सिद्ध ठरायच्या रेषेच्या खाली आला, बाई. थोडासाच. पण खाली."

"वासरांचं धरून?"

"वासरांचं धरून."

बाईंचे हात चालूच होते. मी बघत होते, निवडलेल्या पानांच्या ढिगात देठ पडत होते आणि पाने कचऱ्यात. मग त्या थांबल्या, दोन्ही ढीग एकत्र केले आणि पहिल्यापासून निवडायला घेतले.

"कोण आला वर?" त्यांनी विचारले.

मी सांगितले. तो पांढऱ्या तोंडाचा वळू होता. खोंड असताना त्याचे पाय वाकडे म्हणून त्याला आणू नये असे स्वतः बाईंनीच लिहून दिले होते. जागा रिकामी होती म्हणून तो आला.

"तो?" बाईंचे डोळे मोठे झाले. "बघ म्हणजे! माझ्या आवडीवर सोडलं असतं तर तो खाटकाकडे गेला असता. त्याच्या मुलींचे पाय कसे आहेत?"

"सरळ आहेत. हिराबाईंच्या नव्या गाईचा बाप तोच आहे. मावशी म्हणतात, वासराला सोडून बादली भरते."

"हिराबाई म्हणतात ना? मग खरं असेल," बाई म्हणाल्या, आणि मला दिसले की त्यांना मनापासून आनंद झाला होता. दुःखही तिथेच होते. दोन्ही एकाच चेहऱ्यावर मावत होते. मग एकदम त्यांनी विचारले, "मल्हारच्या कांड्यांचं काय?"

"कॅनमध्ये आहेत. राहू द्या म्हणतात, कधी टंचाई आली तर."

"ठेवलेली वस्तू कुणीतरी वापरतं, मनीषा. मी उद्या येते."

त्या आल्या. फाटकावर पाहुण्यांच्या वहीत नाव लिहिले, कामाच्या रकान्यात 'मल्हार' लिहिले. साहेबांची रीतसर परवानगी घेतली. नियमाप्रमाणे कांड्या काढायचे काम माझे होते. बाई म्हणाल्या, "मी काढू का?" मी हातमोजे त्यांच्या हातात दिले. त्यांनी कॅनचे झाकण उघडले, पांढरी वाफ त्यांच्या मनगटांवरून खाली वाहिली, आणि एकेक जुडी उचलून त्यांनी फरशीवर ठेवली. कांड्यांवर दहिवर धरले, मग विरघळले. काही मिनिटांतच त्या कोमट, निरुपयोगी झाल्या. बाईंनी स्वतः झाडू मागून घेऊन त्या गोळा केल्या.

मग त्या दावणीकडे गेल्या. मल्हारने मान पुढे केली. बाईंनी त्याचे कपाळ खाजवले आणि म्हणाल्या, "चांगला आहेस रे तू. फक्त तेवढा नाहीस."

मल्हार आता एका गोशाळेत आहे. बाई अधूनमधून तिथे जाऊन त्याचे खूर बघून येतात. हे त्यांनी कुणाला सांगितलेले नाही. मी आज इथे सांगितले याबद्दल त्या मला बोलतील, आणि मी ऐकून घेईन.

सध्या चार तरुण वळूंच्या कालवडी गावोगाव वाढत आहेत. त्या माजावर येतील, गाभण राहतील, वितील. त्यांचे दूध आणि त्यांच्या वासरांनी प्यायलेले दूधही मोजले जाईल. या निकालाला अजून बरीच वर्षे आहेत. तो लागेल त्या दिवशी मी नारायण पेठेतले ते दोन जिने चढून जाईन. बाई तेव्हा अशाच ताठ बसलेल्या असाव्यात, डोळे असेच तीक्ष्ण असावेत, गुडघ्यांनी त्रास देऊ नये, आणि माझा दम ओसरण्याआधी त्यांनी विचारावे, कोण आला वर? त्यानंतर पुढच्या वळूंची परीक्षा सुरू होईल. तिचा निकालही त्यांनाच पहिल्यांदा सांगायचा आहे.